हिवाळ्यासाठी ट्रेनर शोधतोय: माझ्या नोंदी

२ नोव्हेंबर

चला, यंदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी परत तेच प्रश्न स्वतःला विचारायला नकोत. गेल्या हिवाळ्यात अंधार, धुकं आणि बधिर बोटं ही तीन कारणं देऊन सायकल जी भिंतीला टेकली ती थेट मार्चमध्ये काढली आणि पहिल्याच चढावर जीव घशाशी आला. तर यंदा घरातच ट्रेनर लावायचा, म्हणजे सायकल जागच्या जागी उभी करून चालवायचं यंत्र.

हातात काय आहे ते आधी. हायब्रिड सायकल, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, मागे क्विक रिलीज (लिव्हरने सुटणारा चाकाचा अक्ष) १३५ मिमी, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, ९-स्पीड कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) ११ ते ३२ दातांची, आणि टायर जाडजूड गुठळ्यांचे. वेळ मिळणार पहाटेचीच. घर झोपलेलं, खालच्या मजल्यावर काकू झोपलेल्या आणि त्यांची झोप अगदी सावध. (नंतर जोडलेलं: ही शेवटची ओळ तेव्हा सहज लिहून गेलो, पण निर्णय शेवटी त्या ओळीनेच घेतला असं म्हणायला हरकत नाही.)

५ नोव्हेंबर

दोन दिवस नुसतं वाचतोय. ढोबळमानाने तीन जाती आहेत. एक रोलर, म्हणजे तीन ड्रम, त्यावर सायकल तशीच मोकळी ठेवायची आणि तोल सांभाळत चालवायची. दुसरा व्हील-ऑन, यात मागचं चाक सायकलीलाच राहतं, अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडला जातो आणि टायर एका छोट्या रोलरवर दाबला जातो. तिसरा डायरेक्ट ड्राइव्ह, मागचं चाक काढून बाजूला ठेवायचं आणि चेन थेट ट्रेनरवर बसवलेल्या कॅसेटवर घालायची. स्मार्ट बाइक म्हणून चौथा प्रकार आहे पण ती अख्खी वेगळी सायकलच झाली, घरात एक सायकल ठेवायलाच जागेची मारामारी आहे, त्यामुळे ते प्रकरण इथेच बंद.

व्हील-ऑनमध्ये परत पोटजाती. पंख्याचा, म्हणजे हवेचा विरोध, त्यात लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट केला की आठपट, आवाजही वेगाबरोबर वाढतो, कोणीतरी व्हॅक्यूम क्लीनर चालू करून ठेवल्यासारखा. मॅग्नेटिकमध्ये चुंबक असतो आणि हँडलला लावलेल्या लिव्हरने विरोध कमीजास्त करता येतो. फ्लुइडमध्ये सिलिकॉन तेलात पाती फिरतात, विरोध आपोआप चढत जातो आणि फील बराच रस्त्यासारखा असतो म्हणतात, फक्त तेल तापलं की विरोध थोडा बदलतो. आणि मग स्मार्ट, ज्यात ॲप सांगेल तसा ट्रेनर स्वतःच विरोध बदलतो.

८ नोव्हेंबर

एका मित्राकडे जुना मॅग्नेटिक व्हील-ऑन माळ्यावर धूळ खात पडला होता तो उचलून आणला. वाचत बसण्यापेक्षा पाय मारून बघू.

लावताना कळलेल्या गोष्टी. ट्रेनरबरोबर स्वतःचा स्टीलचा स्क्यूअर (चाकाच्या मधून आरपार जाणारी काडी) येतो, मागच्या चाकाचा नेहमीचा हलका क्विक रिलीज काढून तो घालायचा, कारण ट्रेनरचे कप त्याच्या टोकांना धरतात आणि नेहमीचे लिव्हर त्या आकाराचे नसतात. पुढचं चाक खाली जातं म्हणून त्याखाली काहीतरी ठेवावं लागतं, मी जाड पुस्तकं ठेवली. आणि टायर! गुठळ्यांच्या टायरवर चालवलं आणि पहिल्या मिनिटाला असा घरघराट झाला की बायको उठून आली आणि दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "अरे, घरात ट्रॅक्टर आणलायस का?"

गुठळ्यांचे टायर व्हील-ऑनवर चालतच नाहीत, गुळगुळीतच हवा. ट्रेनरचा म्हणून खास टायरही मिळतो, कडक रबराचा, कमी तापतो आणि कमी झिजतो, पण तो रस्त्यावर घ्यायचा नाही, पकड नसते त्याला. म्हणजे दर रविवारी बाहेर जायचं तर टायर बदला किंवा चाक बदला. हे मी किती वेळा करणार ते मला पक्कं माहीत आहे. दोनदा.

९ नोव्हेंबर

मित्राच्याच सायकलचा गुळगुळीत टायर घालून चाळीस मिनिटं. आवाज निम्म्याने कमी. खाली जमिनीवर काळी भुकटी आणि खोलीत रबराचा वास. उभं राहून जोर लावला की टायर रोलरवर घसरतो. रोलर जास्त आवळला तर घसरत नाही पण मग गूळ ढवळल्यासारखं वाटतं. हवा रोज तेवढीच भरायची, नॉब रोज तेवढेच वेढे आवळायचा, नाहीतर कालची मेहनत आणि आजची मेहनत यांची तुलनाच होत नाही.

१२ नोव्हेंबर

रोलर. ओळखीतल्या एकाकडे आहेत, त्याच्याकडे जाऊन बघितले. तो दारूच्या बाटलीवर तोल सांभाळणाऱ्या डोंबाऱ्यासारखा आरामात गप्पा मारत चालवत होता. मागच्या ड्रमवरून पट्टा पुढच्या ड्रमला जातो म्हणून पुढचं चाकही फिरतं, आणि त्याच फिरण्यावर सगळा तोल. मी दाराच्या चौकटीत रोलर लावून, एक हात चौकटीला धरून सुरू केलं. नजर समोर ठेव म्हणाला, मी खाली पुढच्या चाकाकडे बघितलं, आणि सायकल गेली बाजूला. लागलं काही नाही, कोपर आणि इभ्रत थोडी खरचटली.

पाय गोल फिरवायची सवय लागायला याच्यासारखं काही नाही हे पटलं. पण पहाटे पाचला अर्धवट झोपेत मी यावर चढणार नाही. रोलर बाद.

१६ नोव्हेंबर

आज आकड्यांचा दिवस. जाहिरातीतले दोन आकडे सगळ्यात मोठ्या अक्षरात असतात, कमाल वॅट (किती ताकद झेलतो) आणि कमाल चढ (किती चढाचा भास देतो). उदाहरणार्थ वाहू किकर कोर (पहिला): १८०० वॅट, १६ टक्के चढ, फ्लायव्हील (फिरणारी जड चकती) ५.४ किलो. टॅक्स निओ २टी: २२०० वॅट, २५ टक्के. वाचताना माणूस आपोआप मोठ्या आकड्याकडे ओढला जातो, मीही गेलो. मग कागद घेतला.

माझं वजन ७८, सायकल ११, एकूण ८९ किलो. १६ टक्के चढावर ताशी ६ किमीने जायचं तर नुसतं गुरुत्वाकर्षणाशी भांडायला साधारण २३० वॅट लागतात. एवढे वॅट मी फार तर वीस मिनिटं देऊ शकेन, तेही कुणी मागे कुत्रं सोडलं तर. १८०० वॅट हे स्प्रिंटरचं काम, आपण ८०० ला पाच सेकंद टेकलो तरी पेढे वाटू. आणि चढाची आणखी एक गंमत म्हणजे झ्विफ्टमध्ये (ट्रेनरला जोडून पडद्यावरच्या रस्त्यांवर सायकल चालवायचं ॲप) ट्रेनर डिफिकल्टी नावाचं सेटिंग असतं ते मुळातच ५० टक्क्यांवर असतं, म्हणजे पडद्यावर १० टक्के चढ आला तरी ट्रेनरवर ५ टक्केच जाणवतो. वेग मात्र तुमच्या वजन आणि वॅटवरच ठरतो, तिथे सूट नाही, फक्त गिअर कमी बदलावे लागतात. म्हणजे १६ की २५ हा वाद माझ्यापुरता मिटला.

फ्लायव्हीलचा आकडा मात्र खरा कामाचा वाटला. रस्त्यावर ताशी ३० किमीने जाताना मी आणि सायकल मिळून ३,००० ज्यूलच्या वर ऊर्जा साठवून असतो, म्हणून पेडल वरच्या टोकाला पोचून जोर कमी होतो तेव्हाही सायकल पुढे वाहत राहते. मित्राच्या ट्रेनरमध्ये फ्लायव्हील नावालाच आहे त्यामुळे प्रत्येक फेरीला पाय चिखलातून उपसल्यासारखा वाटतो. जड फ्लायव्हील ते भरून काढतं. निओसारख्यात तर जड चकतीच नाही, मोटरने तो फील तयार करतात.

२० नोव्हेंबर

आवाजाची परीक्षा. काकूंकडे जाऊन सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, मी तुमच्या बेडरूममध्ये दहा मिनिटं बसू का. त्या हसायलाच लागल्या. वर बायकोला मित्राच्या ट्रेनरवर बसवलं, आधी हळू मग जोरात, आणि मी खाली काकूंच्या खुर्चीत कान टवकारून.

ज्या आवाजाची मला भीती होती, तो घूंऽऽ, तो खाली जवळपास नाहीच. पण जमिनीतून एक गुरगुर येत होती, बारीक, एकसारखी, कपाट हलक्या हाताने कोणी सरकवतंय अशी. काकू म्हणाल्या, "हे मला ऐकू नाही येत रे, पलंगाला हात लावला की कळतं." म्हणजे हवेतून जाणारा आवाज वेगळा आणि फरशीतून जाणारी थरथर वेगळी, आणि मी इतके दिवस पहिल्याच्याच मागे होतो. वर जाऊन ट्रेनरखाली आधी नुसती रबरी मॅट, मग मॅटखाली फोमच्या जाड फरश्या असं दोनदा परत केलं. फोम घातल्यावर काकूंचा पलंग गप्प. पण टायर आणि रोलर यांच्या घासण्यातून येणारी थरथर मुळात जास्तच असते, डायरेक्ट ड्राइव्हमध्ये ती पायरीच नाही, उरतो तो मुख्यतः चेनचा आवाज.

बायको वरून खाली आली ती घामाघूम, आणि म्हणाली की हे वाटलं तेवढं कंटाळवाणं नाही. नोंद करून ठेवतोय, पुढे उपयोगी पडेल.

२२ नोव्हेंबर

अचूकता, म्हणजे ट्रेनर दाखवतो ते वॅट किती खरे. साधे व्हील-ऑन स्मार्ट ±३ ते ±५ टक्के लिहितात, डायरेक्ट ड्राइव्ह ±२ किंवा ±१. माझ्या नेहमीच्या १६० वॅटवर ±५ म्हणजे ८ वॅट इकडेतिकडे, ±२ म्हणजे ३ वॅट. मला ८ वॅटने काय फरक पडतो? खरं तर काहीच नाही, पण रोज तोच आकडा त्याच कष्टाला यायला हवा, आणि व्हील-ऑनमध्ये टायरची हवा, दाब, तापमान सगळं मध्ये येतं. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे दहा मिनिटं गरम करायचं, ठरावीक वेगाच्या वर न्यायचं, पाय सोडायचे आणि चाक थांबायला किती वेळ लागतो ते ट्रेनर मोजतो. स्पर्धा असेल तर गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२० मध्ये झ्विफ्टवर पहिली यूसीआय (सायकलिंगची जागतिक संघटना) ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा झाली तेव्हा सगळ्या स्पर्धकांना एकाच मॉडेलचे ट्रेनर दिले होते, निओ २टी, म्हणजे माझा ट्रेनर खोटं बोलतो की तुझा, हा वादच नको. पुरुषांत जिंकला जेसन ऑस्बोर्न, जो मूळचा नौकानयनपटू. घरात बसून ताकद लावायची सवय त्या लोकांना असतेच म्हणा.

२६ नोव्हेंबर

शेवटची निवड स्मार्ट व्हील-ऑन की डायरेक्ट ड्राइव्ह. व्हील-ऑन हलका, स्वस्त, दुसऱ्या सायकललाही पटकन लागतो. पण मला टायर बदलावा लागेल, भुकटी पुसावी लागेल, रोज दाब बघावा लागेल, आणि काकूंचा पलंग. डायरेक्ट ड्राइव्हला चाक काढायला अर्धं मिनिट लागतं आणि जाड टायरचा प्रश्नच संपतो, कारण चाकच नाही. ठरलं. कोणीतरी वापरलेला पहिला किकर कोर देतोय, दोन हिवाळे चालवलेला. घ्यायच्या आधी तपासलं ते असं: १३० आणि १३५ मिमी क्विक रिलीज दोन्हीला बसतो, आरपार जाणाऱ्या जाड अक्षाला म्हणजे थ्रू अ‍ॅक्सलला १४२ आणि १४८ मिमीसाठी अडॅप्टर, फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) शिमानो पद्धतीचा ८ ते ११ स्पीड. त्याच्यासमोरच चालवून बघितला, उभं राहून जोर लावला, पाय सोडल्यावर खरखर येते का ऐकलं, फोनला जोडून वॅट येतात का बघितलं. पट्टा घसरत नव्हता.

३० नोव्हेंबर

घरी आला. १८ किलो. जिने चढताना प्रत्येक किलो मोजला.

कॅसेट त्याने काढून ठेवली होती, ती ११-स्पीड असल्याने मला उपयोगाचीही नव्हती, ९-स्पीडची चेन आणि शिफ्टर त्या अंतरांवर बसत नाहीत. नवी ९-स्पीड ११-३२ आणली, चाकावर आहे तशीच, म्हणजे घर आणि बाहेर यात गिअर परत जुळवायला नको. चेन मापून बघितली, झीज ०.५ टक्क्याच्या आत आहे, तीच ठेवली.

लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारी रिंग) आवळायला गेलो तर फ्लायव्हीलच फिरायला लागलं. काढताना चेन व्हिप (कॅसेट फिरू न देणारं अवजार) लागते हे माहीत होतं, आवळताना ट्रेनर स्वतः पळतो हे नाही. पोराला दोन्ही हातांनी फ्लायव्हील धरून बसवलं, ४० न्यूटन मीटरला टॉर्क रेंच टकटकलं, आणि मी विजयी मुद्रेने कॅसेट हलवून बघितली. खडखड. पूर्ण घट्ट लॉकरिंग आणि कॅसेट आपली डुलतेय.

१ डिसेंबर

रात्री झोपताना डोक्यात प्रकाश पडला. ११-स्पीडचा फ्रीहब ८-९-१० च्या फ्रीहबपेक्षा १.८५ मिमी लांब असतो. ८-९-१० स्पीडच्या कॅसेटच्या मागे तेवढ्या जाडीचा स्पेसर घालावा लागतो. तो आधीच्या मालकाच्या स्क्रूच्या डबीत पडला होता, त्याने आज आणून दिला. एक पातळ रिंग. परत पोरगा फ्लायव्हीलवर, परत टकटक, आणि आता कॅसेट दगडासारखी. पोराने विचारलं की हे काल का नाही घातलं. अक्कलखाती जमा.

४ डिसेंबर

पुढचा घोळ. चाक काढलेलं, सायकल ट्रेनरवर, आणि पोराने येताजाता मागचा ब्रेक दोनचारदा करकचून दाबला. हायड्रॉलिक डिस्कमध्ये रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) नसताना लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात. रविवारी चाक घालायला गेलो तर रोटर आतच जाईना. प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने पॅड हळूहळू मागे ढकलले, वीस मिनिटं गेली, वेळेत निघणाऱ्या ग्रुपने वाट बघितली नाही. आता चाक काढलं की पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा, पहिलं काम. तो तुकडा नव्या सायकलबरोबर येतो, माझा बारा वर्षांपूर्वीच कचऱ्यात गेला असणार, जाड पुठ्ठा कापून घातलाय.

७ डिसेंबर

पहिली खरी राइड, ४५ मिनिटं, १६० वॅट. बाहेर थंडी, खिडकी उघडी, आणि दहाव्या मिनिटाला मी नळाखाली उभा असल्यासारखा. हिशेब सोपा आहे, शरीर इंजिन म्हणून २० ते २५ टक्केच कामाचं, म्हणजे पेडलला १६० वॅट दिले की ५०० ते ६०० वॅट उष्णता होते, खोलीतल्या छोट्या हीटरएवढी, आणि बाहेर जो वारा ती उडवून नेतो तो घरात नाही. टेबलफॅन तोंडासमोर ठेवला तेव्हा माणसात आलो. ट्रेनर घेताना पंख्याचा विचार शेवटी करू नका, मी तर म्हणतो आधी पंखा बघा. टॉवेल हँडलवर आडवा टाकायचा, घाम स्टेमच्या बोल्टवर आणि हेडसेटमध्ये (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगमध्ये) जातो आणि गंज धरतो.

फोम आणि मॅट दोन्ही खाली आहेत. काकूंना संध्याकाळी विचारलं तर म्हणाल्या, "सुरू केलंस होय?"

१५ डिसेंबर

अर्ग मोड. यात वॅट ठरवून द्यायचे, ट्रेनर काहीही झालं तरी तेवढेच काढून घेतो. १८० वॅट ठेवले, ९० च्या कॅडन्सला (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) छान चाललं होतं. मग पाणी प्यायला बाटली घेतली, कॅडन्स ६० वर आला, आणि ट्रेनरने दीडपट जोर मागायला सुरुवात केली, कारण वॅट म्हणजे जोर गुणिले फेऱ्या, फेऱ्या कमी तर जोर वाढणार. जोर वाढला म्हणून फेऱ्या आणखी कमी, म्हणून जोर आणखी. ४५ ला दुप्पट. शेवटी पेडल भिंतीसारखे थांबले आणि मी तोंडात बाटली धरून सायकलवर पुतळा. उपाय म्हणजे कॅडन्स पडायच्या आधीच वाढवायचा, आणि अडकलोच तर पाय सोडून दोन-तीन सेकंद थांबून परत फिरवायला लागायचं. पाणी सोप्या टप्प्यातच प्यायचं.

२८ डिसेंबर

तीन दिवस मध्येच वॅट शून्य होत होते. ट्रेनरला दोष देऊन झाला, मग कळलं की माझाच फोन खिशातून ब्लूटूथने ट्रेनर पकडून बसतो आणि लॅपटॉपला मिळू देत नाही. फोनमधलं ॲप बंद केलं. एएनटी प्लस (ब्लूटूथसारखीच दुसरी बिनतारी जोडणी) असेल तर ही भांडणं नाहीत, ते रेडिओसारखं सगळ्यांना एकदमच सांगतं, पण लॅपटॉपला डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) लागतो. डोंगल लावला तरी मधूनमधून तुटायचं, तो यूएसबी ३ च्या पोर्टला होता आणि ते पोर्ट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. लांब वायरने डोंगल ट्रेनरच्या पायाशी आणून ठेवला, त्यानंतर एकदाही नाही तुटलं.

११ जानेवारी

आठवड्यातून चार पहाटा होतायत. मागच्या हिवाळ्यात शून्य होत्या. ज्यांचा मी सगळ्यात जास्त अभ्यास केला ते आकडे एकदाही आठवले नाहीत, पुठ्ठ्याचा तुकडा, पंखा आणि फोमच्या फरश्या मात्र रोज हाताखाली. मित्राचा ट्रेनर परत माळ्यावर गेला. टॉवेल रोज धुवावा लागतो ही एकच तक्रार घरात आहे, ती रास्त आहे.

बायकोने गेल्या आठवड्यात विचारलं की तिची उंची सीटला बसेल का. सीट साडेचार सेंटिमीटर खाली घ्यावी लागते. सीटपोस्टला दोन टेप लावल्यात, निळी माझी, लाल तिची. मंगळवार आणि शुक्रवार तिने घेतलेत, मला न विचारता.